खिळ्यांची पेटी

दिवाळीची झाडलोट निघाली, की आमच्या घरी दरवर्षी एका पेटीवरून वाद होतो. पेटी तशी लहान, बिस्किटांच्या जुन्या डब्याएवढी. पण माळ्यावरून खाली घेताना तिला दोन्ही हात लावावे लागतात. "अहो, या वर्षी तरी ही भंगारात घाला," असे आमची मंडळी म्हणते. "भाऊंची आठवण आहे, राहू दे," असे मी म्हणतो. मग ती पेटीवरची धूळ पुसते, मी पेटी पुन्हा वर ठेवतो, आणि वाद पुढल्या आश्विनापर्यंत मिटतो.

गेल्या वर्षी मात्र तो मिटला नाही.

पेटीत छापखान्यातले खिळे आहेत. हल्ली खिळा म्हटला की भिंतीतलाच डोळ्यांपुढे येतो, म्हणून सांगतो. बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा आणि त्याच्या डोक्यावर उलटे अक्षर, म्हणजे खिळा. असे खिळे एकेक करून ओळीत बसवायचे, ओळीखाली ओळ रचायची, पान बांधायचे, त्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. पुस्तके, लग्नपत्रिका, सिनेमाची हँडबिले आणि या हातातल्यासारखे दिवाळी अंक, सारे वर्षानुवर्षे असेच छापले जाई. माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू, नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका बोळात तेहतीस वर्षे खिळे जुळवीत होते. नाशिकरोडला सरकारचा केवढा मोठा छापखाना, टपालाची तिकिटे आणि स्टॅम्पपेपर छापणारा. 'वडील छापखान्यात आहेत' असे वर्गात सांगितले, की मुले मला तिथलाच समजत, आणि तो गैरसमज दूर करण्याची मलाही घाई नसे. भाऊंचा छापखाना सहा माणसांचा. १९९६ साली ऑफसेट आणि संगणकाच्या रेट्यापुढे तो बंद पडला. मालकांनी सगळ्यांचा हिशेब चुकता केला आणि वर आठवण म्हणून प्रत्येकाला चार-पाच किलो खिळे दिले. तीच ही पेटी.

तर गेल्या वर्षी पेटी खाली काढून ठेवली होती. बायको डबे घाशीत होती, मी रांगोळीचे रंग चाळीत होतो. आमची धाकटी सहा वर्षांची. तिने झाकण उघडले, खिळे जमिनीवर पसरले आणि ती आरशातल्यासारखी अक्षरे लावीत बसली. मी वळून पाहिले, तो तिच्या गालाला एक फुगवटा. बोट घालून काढला, तर 'क्ष' निघाला.

मी ओरडलो. ती रडली. आई आतून म्हणाली, "पोरीवर काय खेकसतोस? तूही घालायचास तोंडात. तुला काही झालं का?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही. दहावीला गणितात मला छत्तीस गुण होते. त्यापुढे कॉलेजची पायरी चढलो नाही; फाउंडेशन आणि ए. टी. डी. करून चित्रकलेचा मास्तर झालो, दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्या बेताच्याच खपल्या. यातले शिशाने किती केले आणि माझ्या आळसाने किती, हे कोणी सांगावे? ताडून पाहायला शिसे न चाखलेला दुसरा मी कोठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या सरांना गाठले. वास्तविक शिशाच्या बाबतीत मी स्वतःला थोडा जाणकार समजत असे. वर्षातून दोन-चार वेळा तरी एखादी आई घाबरीघुबरी होऊन येते, 'आमच्या बाळानं शिसपेन्सिल चावली' म्हणून. तिला मी ऐटीत सांगतो, की शिसपेन्सिलीत शिसे नसतेच; असते ते ग्रॅफाइट, कोळशाचा भाऊबंद. आपली भाषाही मजेची आहे. जिच्यात शिसे नाही तिला आपण शिसपेन्सिल म्हणतो, आणि ज्यांत आहे त्यांना खिळा, बॅटरी, शेंदूर, पिवळा रंग अशी साळसूद नावे देतो.

सरांनी मला बाकावर बसवून शिकवले. खिळ्यात मुख्य धातू शिसे; ते मऊ, म्हणून टणकपणासाठी अँटिमनी आणि साच्यात नीट वाहावे म्हणून कथील. असा घट्ट धातू कातडीतून आत शिरत नाही. नुसता हात लावला म्हणून बाधा होत नाही. पण बोटांना लागलेली काळी भुकटी घासाबरोबर पोटात गेली, किंवा शिशाची धूळ, वितळत्या शिशाचा धूर श्वासावाटे गेला, की काम झाले. शरीराला लोखंड लागते, जस्त लागते, चिमूटभर तांबेही लागते. शिसे कशालाच लागत नाही. ते कॅल्शियमचे सोंग घेऊन येते आणि शरीर फसते. रक्तात ते महिना-सव्वा महिना फिरते, तिथून हाडांत जाऊन बसते, आणि तिथे वर्षानुवर्षे ठाण मांडते. बाई गरोदर राहिली, की तिच्या हाडांतले कॅल्शियम सुटते, त्याबरोबर हे जुने देणेही सुटते आणि पोटातल्या बाळाच्या वाट्याला जाते. पोटात गेलेल्या शिशातले मोठा माणूस जेवढे शोषतो त्याच्या चार-पाच पट लहान मूल शोषते, आणि त्याच वयात मेंदूची बांधणी चाललेली असते. सर सांगत होते आणि माझ्या कानांत आईचा प्रश्न घुमत होता.

घरी आलो तो भाऊंचे पोट आठवत.

भाऊंना पोटशूळ होता, आणि तो उठायचा दिवाळीत. हे आमच्याकडे इतके ठरलेले, की चकलीच्या भाजणीबरोबर आई ओवाही जास्तीचा आणून ठेवी. श्रावण सरला की छापखान्यात दिवाळी अंकांची कामे सुरू होत आणि आश्विनात रात्रीचे बारा वाजत. इंग्रजीची अक्षरे मूठभर. आपल्या देवनागरीचे काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून खिळ्यांची घरे शेकड्यांनी भरतात. कंपोझिटर त्या केसींच्या मध्ये उभा राहून दोन्ही हात चालवी. छापून झाले की पान सोडायचे, म्हणजे एकेक खिळा पुन्हा आपापल्या घरात टाकायचा. घरांच्या तळाशी काळी भुकटी साचे. ती भात्याने उडवीत. पातळ पट्टी ओळीत सरकवायची असली की ती क्षणभर ओठांत धरण्याचीही पद्धत होती. चार वाजता मालक प्रत्येकाला गुळाचा खडा देत. गुळाने शिसे उतरते, अशी समजूत. तो खडा बहुतेक मंडळी त्याच काळ्या बोटांनी तोंडात टाकीत. गुळाने उतरत काय असेल ते असो. त्याबरोबर चढत काय होते, ते आता कळते.

वसुबारसेच्या सुमारास अंक बाहेर पडत आणि भाऊ अंथरूण धरीत. पोट आखडून येई, शौचाला होत नसे, चेहरा पांढराफटक. डॉक्टर म्हणत, तेलकट बंद करा. शेजारणी आईला म्हणत, "फराळावर ताव मारला वाटतं?" भाऊंनी फराळाच्या ताटाला हातही लावलेला नसे. पुढे पुढे त्यांचे उजवे मनगट दमू लागले. भरला तांब्या उचलताना पंजा खाली लोंबे. आणि राग! पेला पडला तरी घर हादरे. शिशाच्या विषबाधेची लक्षणे मी प्रथम वाचली, तेव्हा कोणीतरी भाऊंची पत्रिका मांडून ठेवली आहे असे वाटले. पोटशूळ, मलावरोध, रक्त कमी होणे, मनगट गळणे, चिडखोरपणा. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटते, असेही त्यात होते. ती भाऊंना होती की नाही, मला सांगता येत नाही. भाऊ दात दिसतील असे हसल्याचे आठवत नाही. त्यांचे रक्त या दृष्टीने कोणी कधी तपासले नाही. २०११ साली ते गेले. त्यांना शिसेच बाधले असे शपथेवर मी म्हणणार नाही. पण चकलीचा दोष नव्हता, एवढे तरी लिहून ठेवतो.

भाऊंवर माझा आणखी एक राग होता. संध्याकाळी ते आले, की मी दाराकडे धावे. ते दोन्ही हात वर करून मागे सरत आणि म्हणत, "शिवू नकोस. आधी हात." मग न्हाणीत जाऊन आधी राखेने आणि मग साबणाने, कोपरापर्यंत, सावकाश. शर्ट ओट्यावरच्या खुंटीला. तो घरातल्या कपड्यांत मिसळायचा नाही, आईने निराळा धुवायचा. सोवळेओवळे पाळणारे आमचे घर नव्हते, पण त्या शर्टाचे सोवळे कडक होते. एवढे सगळे उरकेपर्यंत माझा उत्साह मावळलेला असे. शेजारच्या मुलाचे वडील तांबट; भट्टीवरून काळेमिट्ट येत, तरी त्याला दारातच खांद्यावर घेत. माझ्या पहिल्या कादंबरीत मी एक कोरडा बाप रंगवला आहे, लेकराला जवळ येऊ न देणारा. ती छापून आली तेव्हा भाऊ हयात होते. त्यांनी ती वाचली, मुद्रणाच्या सात चुका काढून दिल्या, आणि बापाविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

गेल्या वर्षी, त्या 'क्ष'च्या रात्री, मी आईला विचारले, "भाऊ इतके हात का धूत गं?"

"त्यांच्या फोरमननं दटावलं होतं," आई म्हणाली. "तू पोटात होतास तेव्हा. म्हणाला, शिसं हाताला लागत नाही, घासाला लागतं. पोराला शिवायच्या आधी हात धू. बाकीचे हसायचे, पण यांनी एक दिवस चुकवला नाही. तुला ती नावाची अक्षरं आणून दिली होती ना, तीसुद्धा साबणानं धुऊन."

मला वाटत होते, त्यांना माझा कंटाळा आहे.

त्या फोरमनचे शास्त्र किती जुने, ते सरांनी मागाहून दाखवले. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन मूळचे मुद्रक. १७८६ साली, म्हातारपणी, एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी शिशाच्या हकिगती सांगितल्या आहेत. १७२४ साली ते लंडनच्या एका छापखान्यात काम करीत होते. धुतलेले खिळे तिथे विस्तवापुढे ठेवून वाळवीत. थंडीच्या दिवसांत ते ऊन ऊन खिळे हाताला बरे वाटत, म्हणून फ्रँकलिन न भिजलेले खिळेही शेकून घेऊ लागले. हात दुखायला लागले. एका म्हाताऱ्या कामगाराने बजावले, की हे सोड, अशाने आपल्यातल्या दोघांचे हात जवळजवळ निकामी झाले आहेत. खिळे ओतणाऱ्या एका कारागिराचे मत निराळे होते. तो म्हणाला, हात न धुता जेवतात, त्यामुळे धातूचे कण पोटात जातात, त्याचा हा प्रताप. पत्राच्या अखेरीस फ्रँकलिन खंत करतात, की उपयोगी गोष्ट माहीत असूनही किती काळ लोक ती अंमलात आणीत नाहीत. लंडनचे ते कामगार आणि रविवार कारंजाचा आमचा फोरमन यांच्यामध्ये अडीचशे वर्षे गेली. एकमेकांचे नावही त्यांनी ऐकले नसेल.

मग सरकारने काय केले, असे कोणी विचारील. केले, नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती, तिच्यात पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे. पुढे १९८७ च्या दुरुस्तीनंतर कारखान्याच्या हवेत शिसे किती चालेल, त्याचाही आकडा आला : आठ तासांच्या पाळीत सरासरी घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम. अमेरिकेने १९७८ सालीच तो ०.०५ वर, म्हणजे तिसऱ्या हिश्शावर आणला होता. पण आमच्या बोळाला दोन्ही आकडे सारखेच. त्या काळी विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसे कामाला असली तर तो कायद्याने कारखाना ठरे. भाऊंच्या छापखान्यात सहा. हवा मोजायला कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. साबणाची वडीसुद्धा भाऊ घरून नेत.

रक्तातल्या शिशाचे आकडे तर आणखी चमत्कारिक. ते मोजतात डेसिलिटरला इतके मायक्रोग्रॅम, असे. सोप्या भाषेत सांगायचे तर साखरेच्या एका दाण्याचे शंभर तुकडे करा आणि त्यातला एक तुकडा चहाच्या छोट्या कपात टाका; साधारण पाच झाले. १९६० च्या सुमारास अमेरिकेत मुलांच्या रक्तात ६० पर्यंत असले तरी चालते, असे धरीत. नंतर तो आकडा ४० झाला, १९७५ साली ३०, १९८५ साली २५, १९९१ साली १०, २०१२ साली ५ आणि २०२१ साली ३.५. मुले तीच, शिसे तेच. मोठ्यांना दिसू लागले तसतसा आकडा उतरत गेला. जागतिक आरोग्य संघटना आज म्हणते, की निर्धोक म्हणावी अशी पातळीच ठाऊक नाही. तरी ५ वा त्याहून जास्त निघाले तर कारण शोधा आणि ते दूर करा. २०२० साली युनिसेफच्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात पाचाहून अधिक शिसे असल्याचा अंदाज होता. आपल्या देशात पेट्रोलमधले शिसे २००० साली गेले, तेव्हा मी विशी ओलांडलेली होती; म्हणजे माझे सारे बालपण मेनरोडच्या रिक्षांच्या धुरात त्या पुरवणीसह पार पडले. २०१५ साली मॅगीच्या पुड्यांवरून केवढा गहजब झाला! शिशाची मर्यादा दहा लाखांत अडीच भाग, हे घरोघर पाठ झाले. आम्हीही पुड्या फेकल्या. मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली, फेरतपासणीत शिसे मर्यादेत निघाले, पुड्या परत आल्या. पण त्या दिवसांत आमच्या जुन्या खिडकीचा रंग पापुद्र्यांनी सुटत होता, तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

धाकटीचे रक्त तपासायचे ठरवले. तपासणी केंद्रातल्या मुलीने चिठ्ठी दोनदा वाचली. "शिसं? बॅटरीच्या कारखान्यात असता का तुम्ही?"

"नाही, शाळेत."

नमुना मुंबईला गेला. पाचव्या दिवशी आकडा आला : ४.१.

आता याला काय म्हणायचे? माझ्या लहानपणी हा आकडा निघता तर डॉक्टरांनी पाठ थोपटली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाचाच्या आत. अमेरिकेच्या साडेतीनाच्या वर. दोन रेघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत माझी मुलगी उभी होती, एका पायावर लंगडी घालीत. बायकोने कागद पाहिला आणि विचारले, "अहो, पण आलं कुठनं एवढं?" एकदा 'क्ष' चोखल्याने ते आले असेल, असे डॉक्टरांना वाटेना. घर पाहा म्हणाले. खिडकी सांगितली. त्यांनी मान डोलावली. मग विचारले, "आणि तुम्ही काय करता?"

मी सांगितले, चित्रकला शिकवतो. आणि सुट्टीत बोर्ड रंगवतो. गणेश मंडळांचे, दुकानांचे. तैलरंगात.

"पिवळा कोणता वापरता?"

पिवळा! बोर्डावर पिवळ्यासारखा रंग नाही. लांबून उठून दिसतो. तो जुना, दाट, अंगचा चमकदार पिवळा म्हणजे क्रोम पिवळा, आणि क्रोम पिवळा म्हणजे शिशाचा क्रोमेट. २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाखांत ९० भागांवर असता कामा नये असे ठरवले, २०१७ च्या नोव्हेंबरपासून ते लागू झाले. पण माझे डबे त्याआधीचे, एका पेंटरने धंदा बंद करताना स्वस्तात दिलेले. वाळलेला थर मी पॉलिशपेपरने घासून पुन्हा रंग देत असे. घरातल्याच पडवीत. त्याच सदऱ्याने मग चहाला बसत असे.

भाऊ दारात हात वर करून मागे सरत. मी पिवळे हात लेंग्याला पुसून लेकीला उचलून घेत होतो, आणि त्याला वात्सल्य म्हणत होतो.

डबे बंद केले. पडवी ओल्या फडक्याने पुसली. कोरडा झाडू फिरवायचा नाही, धूळ उडते, हे डॉक्टरांनी बजावले होते. खिडकी खरवडली नाही, वरून नवा रंग दिला. लोह आणि कॅल्शियम कमी असले की शरीर शिशाला जास्त थारा देते, म्हणून नाचणी, पालेभाज्या आणि दूध सुरू झाले. नाचणीवरून रोज युद्ध. संक्रांतीनंतर पुन्हा रक्त दिले, तो ३.४. बायकोने शिरा केला. तपासणीत एवढे थोडे इकडेतिकडे होतच असते, हे मला माहीत होते. मी दोनदा मागून शिरा खाल्ला.

राहिली पेटी. बायकोचे म्हणणे आता टाळता येण्याजोगे नव्हते. मोठ्या परवानाधारक कारखान्यांना पाच किलोचे गिऱ्हाईक नको असते. तेव्हा एका रविवारी पेटी सायकलला बांधून भंगारवाल्याकडे गेलो. त्याने एक खिळा नखाने ओरबाडून पाहिला. "शिसं आहे की! चांगला भाव देतो, सर."

"पुढे याचं काय करता?"

"बॅटरीच्या पाट्यांबरोबर वितळवायचं. मागं पत्र्याच्या शेडात भट्टी आहे भाच्याची."

शेडाच्या दाराशी फुटक्या बॅटऱ्यांच्या ढिगाऱ्यावर आमच्या धाकटीएवढीच एक मुलगी बसली होती. फ्रॉकच्या ओच्यात चुरमुरे घेऊन एकेक वेचून खात होती. बोटे काळी.

"हिला खाण्याआधी हात धुवायला लावा हो," मी म्हणालो.

तो हसला. "तिला काय होतंय? सवय आहे तिला."

मी पेटी उचलली आणि परत आलो. पेटी तेवढी आणली. त्याहून अधिक काही मला त्या वेळी सुचले नाही, आणि नंतर दोनदा साबणाची वडी घेऊन गेलो तेव्हा शेडाला कुलूप होते.

हे लिहितो आहे ते भाद्रपदात. पेटी माळ्यावर आहे, प्लॅस्टिकमध्ये बांधून, वर 'शिसे' असे ठळक लिहून; अर्थात पिवळ्या रंगात नाही. झाडलोट पुढल्या महिन्यात निघेल. घटस्थापनेच्या आधी धाकटीचे रक्त पुन्हा एकदा द्यायचे आहे. शाळेतून मी घरी येतो तेव्हा ती दारातच उभी असते. मी जवळ गेलो, की दोन्ही हात वर करून मागे सरते आणि म्हणते, "बाबा, शिवू नकोस. आधी हात."

आई ते ऐकते, आणि काहीतरी काम काढून आत निघून जाते.